कोकणात पदवीला जाताना: विषय, खोली, प्रकल्प, इंटर्नशिप कोणत्या क्रमाने ठरवायचं

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबागमध्ये पहिली धावपळ सुरू होते ती खोलीसाठी. आधी डिपॉझिट, मग प्रवेश, मग राहिलेले विषय. इंटर्नशिप आठवते ती शेवटच्या सत्रात, परीक्षेचं वेळापत्रक लागल्यावर. हा क्रमच उलटा आहे. त्यामुळे प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि गावची गाडी पाचला गेलेली असते. कासवांवर प्रकल्प घेतलेला असतो आणि सत्र निघतं पावसाळ्याचं. आंबा कॅनिंगमध्ये काम शिकायचं ठरतं आणि नेमकी तेव्हाच परीक्षा येते.

इथे विद्यापीठाच्या वेळापत्रकाबरोबर पाऊस, मासेमारी, आंबा, गणपती आणि पर्यटकांचा हंगाम यांचंही एक वेळापत्रक चालतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कुठलाच निर्णय घेऊ नका. हा लेख रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधल्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना धरून आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचे अभ्यासक्रमाचे नियम वेगळे आहेत. खोली आणि प्रकल्पाबद्दलचं मात्र तिथल्या मुलांनाही तसंच लागू पडतं.

टप्पा १: मे महिन्यात कागदपत्रं

निकालाची वाट बघू नका. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि बँकेचं पासबुक एका टेबलावर ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर आणि गुणपत्रिकेवर पूर्ण नाव, हा फरक क्षुल्लक वाटतो, पण डिजिलॉकरवर एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) म्हणजे आताचा 'अपार' क्रमांक काढताना तोच आडवा येतो. तुमची सगळी क्रेडिट्स, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, या १२ अंकी क्रमांकावर जमा व्हायची असतात. फरक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. बोर्डाची गुणपत्रिका बदलायला फार वेळ जातो.

उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतरचाच हवा. घाईने मार्चमध्ये काढलेला दाखला ३१ मार्चला संपतो आणि जूनमध्ये पुन्हा सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला आरक्षणातून जाणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत गेलेला असला पाहिजे. तो राहिला असेल तर बाकी सगळं सोडून आधी तेच करा.

शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येतात आणि आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात. अर्जात कुठलं खातं मनात धरलं होतं याला अर्थ नसतो. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं जोडलेलं राहिलं तर पैसे अडकतात. बँकेत जाऊन 'माझं खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधारशी जोडलंय का' असं सरळ विचारा. नुसतं केवायसी झालं म्हणजे हे झालं असं नाही.

तपासा: मुलींनी एक गोष्ट नक्की बघावी. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली.

टप्पा २: विषय ठरवताना वेळापत्रक मागून घ्या

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर मायनर (दुय्यम विषय), खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय अशी बरीच नावं येतात. त्यांच्या गर्दीत मुलं गोंधळतात आणि मित्राने घेतलं ते घेतात. तीन गोष्टी लक्षात ठेवा. खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे विज्ञानवाल्याने कला किंवा वाणिज्यचा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. त्यामुळे दोन विषयांची क्रेडिट्स सारखी दिसली तरी प्रॅक्टिकलचा विषय तुम्हाला दुप्पट वेळ कॉलेजमध्ये थांबवतो. आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. तिसऱ्या वर्षी ही अट समजून काही उपयोग नसतो.

आता महत्त्वाचं. माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक विषय त्या वर्षी शिकवला जातोच असं नाही. लहान कॉलेजात विद्यार्थी कमी पडले की ऐच्छिक विषय बंद होतो. म्हणून विभागात जाऊन विचारा: मागच्या वर्षी हा विषय चालला का, शिकवायला कायमचे प्राध्यापक आहेत का, आणि मागच्या वर्षीचं वेळापत्रक बघायला मिळेल का. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, पुढच्या टप्प्याला तो लागणार आहे.

सावध: अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो तुमच्यावर पक्का होतो. ज्या गावात राहणं जमेल की नाही हे पाहिलेलं नाही, तिथलं कॉलेज यादीत पहिलं टाकू नका.

टप्पा ३: रोज जाऊन-येऊन की खोली?

वेळापत्रकाचा फोटो आणि एसटी स्टँडवरचा वेळेचा फलक शेजारी ठेवा. आठवड्यातून किती दिवस तुमचं शेवटचं प्रॅक्टिकल परतीच्या गाडीनंतर संपतं ते मोजा. एक दिवस असेल तर त्या रात्री मैत्रिणीकडे, मामाकडे राहता येतं. तीन दिवस असतील तर खोलीच घ्या, उगाच पहिलं सत्र दगदगीत घालवू नका.

एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीचा असतो. मुली महिला सन्मान योजनेच्या ५० टक्के सवलतीवर रोज तिकीट काढत राहतात. रोज येणं-जाणं असेल तर पासच स्वस्त पडतो. गावात मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी सकाळी लवकर सुटते, तिच्यावर पहिला तास गाठता येतो. पण पावसात पऱ्याला पाणी आलं किंवा घाटात दरड आली की तीच गाडी पहिली रद्द होते. कोकण रेल्वेचंही पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या कमी वेगाने धावतात. मे महिन्यात बघितलेल्या वेळेवर जुलैचं कॉलेज ठरवू नका. पावसाळ्यात त्या मार्गावर काय होतं ते कंडक्टरला विचारा, त्यांच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

टप्पा ४: खोली बघणं

आधी वसतिगृह. कॉलेजचं, नाहीतर समाजकल्याणचं शासकीय वसतिगृह मिळालं तर तेच घ्या. नाही मिळालं तरी दार बंद होत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयं, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार, आणि नोंदणीकृत मजूर व अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. बहुतेकांत राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार मागतात. पुढचा करार म्हणूनच नीट करायचा.

खोली बघायला दिवसा जा. जमलं तर एखादी जोरदार सर येऊन गेल्यावर जा. मे महिन्यात बघत असाल तर पाऊस कुठे कुठे येतो ते भिंती वाचून ओळखावं लागतं. पश्चिमेकडची, झड खाणारी भिंत बघा. तिचा खालचा हात-दीड हात पट्टाच नवा रंगवलेला असेल तर ओल लपवलेली आहे. भिंतीतलं कपाट उघडा आणि आत डोकं घालून वास घ्या. कुबट वास मे महिन्यातसुद्धा येत असेल तर ऑगस्टमध्ये तुमच्या वह्यांना बुरशी येणार. कौलारू घर असेल तर आतून वर बघा, कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसतात का, आणि वाशांवर पाण्याचे काळे ओघळ आहेत का. कौलं शाकारून कधी घेतली ते विचारा. स्लॅबचं घर असलं म्हणून निर्धास्त राहू नका. वर पत्र्याची शेड नसलेला जुना स्लॅब कौलांपेक्षा जास्त गळतो.

पाण्याचं उलटं. पावसाळ्यात बघणाऱ्याला विहीर काठोकाठ दिसते. प्रश्न एप्रिल-मेचा विचारायचा असतो: तेव्हा विहिरीला पाणी राहतं का, नळाला किती दिवसांआड येतं, टँकर आणावा लागला तर पैसे कुणी द्यायचे. दुसऱ्या सत्राची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत असते.

चिपळूण आणि महाडमध्ये खोली घेताना एक प्रश्न चुकवू नका. 'एकवीसच्या पुरात इथे पाणी कुठवर आलं होतं?' २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि सावित्रीचं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं ते तिथल्या प्रत्येक माणसाला आठवतं. घरमालकाला विचाराच, पण समोरच्या दुकानदारालाही विचारा. तळमजला असेल आणि पाणी खिडकीच्या वर गेलेलं असेल तर भाडं कितीही कमी असो, वरचा मजला शोधा. डोंगराच्या पायथ्याच्या घरांसाठी हाच प्रश्न दरडीबद्दल विचारा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे दरवर्षी गणपतीच्या सुमारास मुलं बॅगा घेऊन रस्त्यावर येतात. मालक मुंबईला असतात. जूनमध्ये घर रिकामं म्हणून खोली देतात आणि गणपतीला सगळं कुटुंब गावी आलं की 'आठ-दहा दिवस जरा कुठेतरी सोय बघा' असं सांगतात. शिमग्याला आणि मे महिन्यात पुन्हा तेच. मालवण, गुहागर, दापोली, अलिबागकडे तर दिवाळी आणि नाताळात तीच खोली पर्यटकांना रोजच्या दराने जाते. मालक वाईट असतात असं नाही, त्यांचंही ते घर आहे. पण हे जूनमध्येच तोंडावर विचारलं पाहिजे आणि कागदावर आलं पाहिजे.

तपासा: लाईटचा मीटर स्वतंत्र आहे की मालकाने लावलेला सबमीटर? सबमीटर असेल तर युनिटचा दर विचारा आणि आत शिरायच्या दिवशी आकड्याचा फोटो काढा.

टप्पा ५: करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. 'आपल्याकडे कुणी करत नाही' हे उत्तर ऐकायला मिळेल. शांतपणे सांगा की शिष्यवृत्तीला लागतो. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० आणि शहरात १००० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं, आणि हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं. मालक कचरत असतील तर हा खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्या, पण करार सोडू नका.

प्रथम वर्षाची बरीच मुलं १७ वर्षांची असतात. त्यांची सही करारावर चालत नाही, पालकांच्या नावाने करार करावा लागतो. अशा वेळी 'राहणार' म्हणून विद्यार्थ्याचं पूर्ण नाव आत लिहून घ्या, नाहीतर योजनेच्या अर्जाला तो कागद जोडूनही उपयोग होत नाही.

करारात साध्या मराठीत या ओळी हव्यात: गणपती, शिमगा, दिवाळी आणि मे महिन्यात खोली रिकामी करावी लागणार नाही, किंवा करावी लागली तर त्या दिवसांचं भाडं कापलं जाईल आणि सामान आतच राहील. डिपॉझिट किती दिवसांत परत. गळती दुरुस्ती कुणी करायची. दोघे-तिघे कॉट बेसिसवर (प्रत्येकी एका कॉटचं भाडं देऊन) राहणार असाल तर एकजण मध्येच सोडून गेल्यावर त्याचं भाडं बाकीच्यांवर येणार का, हेही.

सावध: डिपॉझिट रोखीने देऊ नका. यूपीआयने द्या आणि शेऱ्यात 'खोलीचं डिपॉझिट' असं लिहा.

टप्पा ६: प्रकल्प हंगामाला बांधा

एमए-एमएस्सीला संशोधन प्रकल्प तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट्सचा असतो. पदवीलाही क्षेत्रीय प्रकल्प आहे. तिसरं सत्र म्हणजे पावसाळा आणि त्यानंतरचे थोडे दिवस, चौथं म्हणजे हिवाळा-उन्हाळा. विषयाआधी हे लिहून घ्या, कारण कोकणातला जवळजवळ प्रत्येक चांगला विषय कुठल्यातरी महिन्याला बांधलेला आहे.

सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) वनस्पती घ्यायच्या असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर. तेव्हा सीतेची आसवं, दवबिंदू फुललेली असतात, आणि पाऊस ओसरला की सडा वाळून जातो. कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावरच्या खडकात कोरलेल्या प्राचीन चित्रांचं, उलटं. पावसात गवत वाढून ती झाकली जातात, डिसेंबरपासून उघडी पडतात. फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढा, तिरप्या उन्हात कोरीव रेषेत सावली पडते आणि आकार आपोआप उठून दिसतो. दुपारी सगळं सपाट येतं, आणि मग मुलं रेषा खडूने किंवा चुन्याने भरतात. हे कधीही करू नका. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, आणि यादीत नसती तरी त्या दगडाला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. शिल्पं बऱ्याचदा खाजगी जमिनीत असतात, आधी जमीनमालकाला भेटा.

ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात आणि पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी समुद्रात जातात. वेळास, आंजर्ले, गुहागरकडे काम करायचं तर विषय चौथ्या सत्राला ठेवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली कासवांना संरक्षण आहे, त्यामुळे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय घरट्याला, अंड्यांना हात लावायचा नाही. कांदळवनात नमुने घेण्यासाठीही परवानगी लागते. परवानगीचा अर्ज मार्गदर्शकांच्या सहीने सत्र सुरू व्हायच्या आधी द्या. अर्ज करून मग विषय पक्का करा, विषय मंजूर करून मग अर्ज करू नका.

मासेमारीवर काम करणारे नेहमी एका जागी चुकतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून ते म्हणतात की जूनमध्ये काही करता येणार नाही. माझ्या मते मुलाखतींसाठी तेच दोन महिने सोन्यासारखे. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसलेली असतात आणि बोलायला सवड असते. ऑगस्टनंतर मिरकरवाड्याला किंवा हर्णैला लिलाव चालू असताना प्रश्नावली घेऊन गेलात तर कुणी बघणारही नाही, आणि ते बरोबरच आहे, त्यांचा पोटापाण्याचा वेळ आहे तो. तेव्हा फक्त उभं राहून दर आणि जाती टिपा. मुलाखती आधी, आवकेची नोंद नंतर, हा क्रम ठेवा. माशांची नावं स्थानिकच लिहा आणि फोटो काढा. शास्त्रीय नाव घरी आल्यावर, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातल्या कुणा जाणकाराकडून पडताळून.

आंब्यावर मोहोरापासून फळापर्यंत काम एका सत्रात बसत नाही. मोहोर तिसऱ्या सत्राच्या शेवटी, परीक्षेच्या आसपास सुरू होतो. एकतर दोन्ही सत्रांत काम विभागा किंवा फक्त काढणी-विक्रीचा भाग घ्या. काजूसाठी वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, नारळासाठी भाट्ये, भातासाठी कर्जत: कृषी विद्यापीठाच्या या केंद्रांत जाताना कॉलेजचं पत्र आणि एका पानाचा आराखडा न्या. 'सर, काहीतरी माहिती द्या' म्हणून गेलात तर माहितीपुस्तिका हातात घेऊन परत याल.

सरकारी आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तरच उपयोग.

तपासा: गावात सर्वेक्षणाची तारीख ठरवण्याआधी पालखी, जत्रा, लावणी आणि कापणी कधी आहे ते पोलीस पाटलांना विचारा. चाकरमान्यांवर विषय असेल तर मात्र गणपतीचेच दिवस धरा, तेव्हाच ती माणसं गावात सापडतात.

टप्पा ७: इंटर्नशिप

पदवीला ती बहुतेक अभ्यासक्रमांत सहाव्या सत्रात, पदव्युत्तरला दुसऱ्या सत्रात येते. ४ क्रेडिट्स म्हणजे १२० तास. रोज ६ तास धरले तर २० दिवस. हे दिवस कुठून काढणार ते आधी कॅलेंडरवर भरा.

मग जागा निवडा. पतपेढी आणि बँका मार्चअखेर तुम्हाला शिकवू शकत नाहीत, तिथे जानेवारीतच जा. सीए कार्यालयात आयकराच्या जुलै आणि सप्टेंबरच्या शेवटच्या तारखांच्या आधी हात हवेच असतात, तेव्हा गेलात तर काम खरं मिळतं, पण ते पाचव्या सत्रात आणि कॉलेजची पूर्वपरवानगी असेल तरच धरलं जाईल. आंबा कॅनिंग एप्रिलच्या मध्यानंतर जोर धरतं, म्हणजे परीक्षा संपल्यावर तास भरायला तुमचा विभाग तयार आहे का ते आधी विचारा. काजू प्रक्रिया केंद्रं जवळजवळ वर्षभर चालतात आणि सिंधुदुर्गात ती सगळीकडे आहेत, तरी मुलांना ती सुचत नाहीत. रसायनशास्त्रवाल्यांना लोटे, महाड, रोहा इथल्या औद्योगिक वसाहती. तिथे पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती आणि हेल्मेट-बूट दिल्याशिवाय प्लांटमध्ये पाऊल टाकू नका, मग साहेब कितीही 'काही होत नाही' म्हणोत.

अर्ज किमान दोन महिने आधी, कॉलेजच्या पत्रासह, आणि प्रत्यक्ष भेटून. ईमेल पाठवून वाट बघत बसणं इथल्या लहान उद्योगांत चालत नाही.

रोजची नोंदवही रोजच लिहा. 'ऑफिसचं काम केलं' ही नोंद नव्हे. अशी हवी: '९.३० ते १.००, काजूबिया वाफवल्यानंतर सुकवणी, ट्रेमधल्या बियांचा ओलावा मोजला, तीन ट्रे पुन्हा भट्टीत. २.०० ते ४.३०, प्रतवारी, तुकडा वेगळा केला, तुकड्याचं वजन का वाढलं ते पर्यवेक्षकांना विचारलं.' खाली पर्यवेक्षकांची सही त्याच दिवशी घ्या. २० दिवसांच्या सह्या एका शाईत, एका बैठकीत घेतलेल्या लगेच कळतात.

सावध: ५००-१००० रुपये भरून घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या नादी लागू नका. आणि पंतप्रधान इंटर्नशिप योजना पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही. तिच्या भरवशावर सहावं सत्र सोडू नका, ती पदवीनंतरची गोष्ट आहे.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र हातात घेतल्यावर तिथेच उभं राहून वाचा. लेटरहेडवर आहे का, नाव गुणपत्रिकेप्रमाणे आहे का, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे लिहिलंय का, आणि 'एक महिना' असं मोघम न लिहिता एकूण १२० तास हा आकडा आहे का. सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का. यातलं एखादं राहिलं असेल तर दुरुस्त करून घेऊनच निघा, कारण कॉलेजने ते परत केलं आणि तोवर कॅनिंगचा हंगाम संपून कारखाना बंद झाला असेल, तर सही करणारा माणूस पुढच्या एप्रिलपर्यंत भेटत नाही.